फेरतपासणी

मे महिन्याचा पहिला आठवडा.
रस्त्यावरची हिवाळ्यातली खडी झाडून व्हायच्या आधीच
गॅरेजांतून उठून त्या माझ्या दाराशी येतात.
एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर,
टाकीत सहा महिन्यांचं शिळं पेट्रोल,
आणि वर बसलेली माणसं, थंडीत जाडावलेली,
जुन्या जॅकेटची चेन लागावी म्हणून श्वास धरून.

पिएलावेसीच्या रस्त्यावर आमचं केंद्र.
लेन एक, माणूस एक: मी.

आर्ने पीप्पोची गाडी मला पाठ आहे.
एकोणनव्वदची, साडेसहाशे सीसी, जपानी.
त्याच्या आधी चौघांची.
पहिल्याने सायलेन्सर बदलला, निव्वळ आवाजासाठी.
दुसरा दोनदा नापास, दोन्ही वेळा टायरवरून,
मग सात वर्षं नोंदच नाही.
कुठेतरी ताडपत्रीखाली उभी असेल,
किंवा जंगलातल्या वाटांवर बिनकागदाची.
ते मी कधी विचारत नाही.

पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवते.
बरोबर मध्यावर
हाताला बारीकशी खाच लागते.
मानेचं बेअरिंग.
इतकी वर्षं सरळ रस्ते,
सरळ जाण्याचाच खड्डा पडलाय आत.

फोर्कच्या नळीवर बोट फिरवलं तर तेल.
सकाळी पुसून आणलंय त्याने,
फडकं अजून खिशातून डोकावतंय.
आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत नाही.

मागची डिस्क किमान साडेचार हवी,
माझ्या मापात चार पूर्णांक एक.
चेन एका जागी ताठ, हातभर पुढे लोंबती.
ब्रेकचा दिवा हाताच्या ब्रेकने लागतो, पायाच्या नाही.

"हॉर्न," मी म्हणते.
तो अंगठा दाबतो.
शेडमध्ये फक्त ट्यूबलाइटची गुणगुण.
पुन्हा दाबतो,
आणि माझ्याकडे बघून मान हलवतो, समाधानाने.

वाजला, असं त्याला वाटतंय.

बत्तीस वर्षं लाकूडगिरणीत,
करवतीच्या शेजारी.
तेव्हा कानात कापूस कोंबायचे, म्हणतात.

मी मागच्या वर्षीचा कागद काढते.
हॉर्न: ठीक.
खाली माझी सही.
वाजला होता का तेव्हा?
की मी त्याच्या चेहऱ्यावरून लिहिलं होतं?

फॉर्मवर रकाना आहे: दोष.
कशात, ते लिहायला जागा आहे.
कुणाचा, त्याला नाही.

मी आर्नेचा तळवा धरून
हॉर्नच्या पत्र्यावर ठेवते, बटण दाबते.
पत्रा थंड, गप्प.
मग त्याला अंगणात नेते,
माझ्या व्हॅनच्या बॉनेटवर त्याचा हात ठेवून
आत वाकून हॉर्न दाबते, लांब.
समोरच्या बर्चवरचे कावळे उठतात.
तो कावळ्यांकडे बघतो,
मग स्वतःच्या हाताकडे.

"अस्सं," एवढंच.
हात मात्र लगेच काढत नाही.

नापास. महिन्याची मुदत.
त्याने कागदाची चौघडी केली,
फडक्याच्याच खिशात ठेवली.

नवव्या दिवशी आला.
सील नवं, डिस्क नवी, चेनही.
पायाने दिवा लागतो.
हॉर्न बसवलाय कुठल्यातरी भंगारातल्या ट्रकचा,
पिएलावेसी सोडून पुढच्या गावात ऐकू जाईल असा.
वाजवताना डावा तळवा पत्र्यावर,
डोळे मिटलेले.

माझ्या कानात दडे बसले.
मोजायचं यंत्र कपाटात होतं,
कपाटाची किल्ली दुसऱ्या कोटात.

हँडल पुन्हा फिरवून बघितलं.
मध्यावरची खाच आहे तिथेच.
बेअरिंग पुढच्या वर्षी, तो म्हणाला,
पेन्शनचे पैसे डिस्कमध्ये गेले.
खाच तशी अजून बारीकच आहे.
मी ती 'निरीक्षण'मध्ये लिहिली,
'दोष'मध्ये नाही,
आणि पुढच्याला आत यायची खूण केली.